आखाजीचा मुहूर्त आणि कच्ची पावती

प्रिय बिल्डरभाऊ,



आखाजीच्या बुकिंग मेळाव्यात तुम्ही आमच्या भाच्याला जो मान दिलात, त्याबद्दल सगळं घर ऋणी आहे. वैशाखात जळगावचं ऊन असं की दुपारी दाराबाहेर पडायची कुणाची छाती होत नाही. तुम्ही मात्र त्याला एसीवाल्या सॅम्पल फ्लॅटमध्ये बसवलंत, मठ्ठा पाजलात आणि 32 लाखांच्या फ्लॅटपोटी 5 लाख रोख मोकळे करून घेतलेत. पोराचं पहिलं घर, त्याला काय कळतंय!

पावती पाहिली. वहीचं अर्धं पान, त्यावर ‘पाच लाख मिळाले’ आणि खाली कोंबडीनं पाय पुसल्यासारखी सही. फ्लॅटचा नंबर नाही, शिक्का नाही, तारीखसुद्धा नाही. रेरा कायद्याचं 13 वं कलम सांगतं की साठेखत नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणजे 3 लाख 20 हजार. वरचे 1 लाख 80 हजार बहुधा मठ्ठ्याचे.

तुमचा ‘हजार फुटी’ फ्लॅट कार्पेटमध्ये 680 भरतो. उरलेल्या 320 फुटांत जिना, लिफ्ट आणि तुमचा आशावाद राहत असावा. रेरात भाव कार्पेटवर ठरतो, पण तुमचं गणित जुन्या शाळेतलं.

एकरभर जागेत 40 फ्लॅट, तरी ब्रोशरवर महारेराचा नंबर नाही. नोंदणीआधी जाहिरातही करता येत नाही. तुम्ही तर थेट पेढे वाटलेत! ‘सातबारा बघायचाय’ म्हटल्यावर ‘भाऊ, इश्वास नाही का?’ म्हणालात. इश्वास आहेच, म्हणून तर बिनशेतीचा आदेश आणि मंजूर नकाशाही मागतोय.

खान्देशात घरांचा हा धंदा जुनाच. जळगावच्या घरकुल घोटाळ्याच्या प्रकरणात धुळ्याच्या विशेष न्यायालयानं 31 ऑगस्ट 2019 ला 48 जणांना दोषी ठरवलं, त्यात माजी मंत्रीही होते. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण जळगावहून धुळं तसं लांब नाही, एवढं लक्षात असू द्या.

तेव्हा आठ दिवसांत साठेखत नोंदवा, नाहीतर 5 लाख परत करा. चेकनं.

आपला,
भाच्याचा मामा

ता. क. ब्रोशरमधला पोहण्याचा तलाव फार निळा आहे. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. तलावाच्या टँकरचे पैसे कोण देणार, तेवढं साठेखतात लिहा.