पेटी मिळेल का, पेटी?

एने बुर्डा या बाईंनी जानेवारी 1950 मध्ये जर्मनीतल्या ऑफेनबर्गहून शिवणाचं मासिक काढलं, तेव्हा त्यांच्या मनात जगभरच्या बायकांचं भलंच असणार. मासिकात सुंदर कपड्यांचे फोटो असतात आणि सोबत घडी घातलेला भलामोठा कागद. त्या कागदावर अंकातल्या कपड्यांची बेतणी असते, खऱ्या मापाची. पण जर्मन माणूस काटकसरी. तो एका कपड्याला एक कागद देत नाही. सगळ्या कपड्यांच्या रेषा एकाच कागदावर एकमेकींवरून जातात. काही सलग, काही तुटक, काही ठिपक्यांच्या. जाकिटाची बाही फ्रॉकच्या कमरेतून निघते आणि कुणाच्या तरी पायजम्यात शिरते. वर्धा जंक्शनच्या यार्डात उभं राहून कोणता रूळ बल्लारशाला जातो आणि कोणता भुसावळला, हे ज्याला ओळखता येईल त्यानेच तो कागद उलगडावा.

यातली आपली रेष दुसऱ्या कागदावर गिरवून घ्यायची असते. त्यासाठी म्हणे एक पेटी मिळते. वर दुधी काच, आत दिवा. काचेवर मूळ कागद, त्यावर कोरा कागद. दिवा लावला की खालची रेष वर उमटते आणि आपण पेन्सिल फिरवायची. एवढी सोपी वस्तू कुठेही मिळेल, असं समजून स्टुटगार्टच्या भाचीने पाठवलेला तो अंक घेऊन मी मे महिन्यात वर्ध्याला गेले. मे महिन्यात वर्ध्याला जाणाऱ्या माणसाच्या समजुतींवर किती विश्वास ठेवायचा, हे वाचकांनी ठरवावं.

वर्ध्यालाच का, तर तिथे आत्या आहे. आत्याने शाळेत शिवण शिकवलं आणि जिल्ह्याला ब्लाउज शिकवला. सेलूपासून समुद्रपूरपर्यंत कुठल्याही दुकानात शिरा, गल्ल्यामागून कुणीतरी उठून ‘‘बाई, तुम्ही?’’ म्हणतंच. दुसरं कारण मगन संग्रहालयातली खादी. अंकातलं एक जाकीट मला शिवायचं होतं, ते त्याच खादीचं व्हायचं होतं.

सेवाग्राम स्टेशनवर उतरले. या स्टेशनाचं जुनं नाव वर्धा पूर्व. जंक्शन वेगळं, हे वेगळं. आतेभाऊ अर्थातच जंक्शनवर उभा होता. त्याने फोनवर सांगितलं, ‘‘तिथंच थांब, आलोच.’’ मी सावलीत थांबले. सावलीतही बॅगेची कडी हाताला चटके देत होती.

आत्याने अंक चाळला, कागद पलंगावर पसरला, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

‘‘हे कोणी आखलं?’’

‘‘जर्मनीत आखतात असं.’’

‘‘माझ्या वर्गात कोण्या पोरीनं असं आखलं असतं तर मी तिले बाकावर उभं केलं असतं. आणि ही माया कुठं आहे? शिलाईले जागाच नाही सोडली!’’

माया आपणच सोडायची असते, असं अंकात लिहिलं होतं. मी ते वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, ‘‘मंग त्यायनं केलं काय?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी शोध सुरू झाला. बजाज चौकातल्या स्टेशनरीवाल्याने मला इमर्जन्सी लाइट दाखवला, मग डास मारायची रॅकेट, मग कर्ण्यावाला टॉर्च. प्रत्येक वस्तू दाखवताना तो म्हणायचा, ‘‘उजेडच पाहिजे ना तुमाले?’’ त्याचं चूक नव्हतं. कागदाच्या खालून उजेड पाडण्याची गरज माणसाला का पडावी, हे त्याला कळेना आणि मलाही पटवून सांगता येईना. शेवटी तो म्हणाला, ‘‘नागपूरले मिळन.’’ वर्ध्यात जी वस्तू मिळत नाही ती नागपूरला मिळते. नागपुरात न मिळणारी मुंबईला मिळते. मुंबईत न मिळणारी कुठे मिळते, ते मला ठाऊक होतं. ती जर्मनीत मिळते आणि तिथूनच हा सगळा घोळ आला होता.

ऑटोवाल्याला मी विचारलं, ‘‘दादा, इथे पेटी कुठे मिळेल?’’

त्याने ऑटोचा वेग कमी केला आणि आरशातून मला नीट पाहून घेतलं. ‘‘कायची पेटी?’’

‘‘लाइटची.’’

‘‘लाइट आहे का स्ट्राँग, थे मी नाही विचारत. पण ताई, वर्ध्यात दारूबंदी आहे. तुम्ही बाहेरच्या दिसता.’’

वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. त्यामुळे इथे ‘पेटी’ हा शब्द भर बाजारात मोठ्याने उच्चारू नये, असं नंतर आतेभावाने समजावलं. आत्या मात्र खूश झाली. तिच्या मते गेल्या कित्येक वर्षांत आमच्या घराण्यावर कुणी एवढा गंभीर संशय घेतला नव्हता.

आतेभावाचा तंत्रज्ञानावर भारी विश्वास. त्याने मोबाइल पालथा ठेवून टॉर्च लावला. नाण्याएवढ्या जागेत लख्ख उजेड आणि बाकी अंधार. मग स्क्रीन पांढरी करून सुलटा ठेवला. तीन बोटं रुंद गिरवायचं, कागद सरकवायचा, पुन्हा तीन बोटं. गिरवता गिरवता तळहात स्क्रीनवर टेकला आणि पुसदच्या काकांना फोन लागला. काकांनी सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारली, कापसाचा भाव सांगितला आणि आंब्याच्या अढीबद्दल बराच वेळ बोलले. तेवढ्यात गळ्याची रेष कागदाखालून सरकून कुठल्या कुठे गेली.

‘‘एक्स-रेचा डबा!’’ आतेभाऊ एकदम ओरडला.

ही मात्र खरी विदर्भी बुद्धी. सेवाग्रामला 1969 पासून मेडिकल कॉलेज, सावंगीला दुसरं. एवढ्या लहान जिल्ह्यात दोन-दोन मेडिकल कॉलेजं, शिवाय गल्लोगल्ली दवाखाने. या सगळ्यांकडे पूर्वी भिंतीवर दुधी काचेचे दिवे असायचे, फिल्म टांगून बघायला. आता एक्स-रे संगणकावर दिसतो आणि डॉक्टर तो मोबाइलवरही बघतात. मग ते डबे गेले कुठे? कबाड्याकडे.

कबाड्याकडे खरंच एक होता. पत्र्याचा, गंजलेला, वायर कुरतडलेली. आतली ट्यूब त्याने आमच्यासमोर लावून दाखवली. स्टार्टर टकटकला, चोक घुमला, ट्यूब बराच वेळ डोळे मिचकावत राहिली आणि शेवटी पेटली. काचेच्या कडेला कुणाच्या तरी फासळ्यांची फिल्म अडकून राहिली होती. आत्याने ती निरखून पाहिली. ‘‘छाती अडतीस,’’ ती म्हणाली. ‘‘खांदा उतरता आहे. याले बंदगळा शोभला नसता.’’

कबाड्याने किंमत सांगितली. त्या किमतीत जाकीट शिवून मिळालं असतं, अस्तरासकट. आम्ही निघालो.

वाटेत गोरसपाक घेतला. वर्ध्याला येऊन गोरसपाक न घेता परत गेलेला माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. घरी येऊन पुडा उघडला तर त्याखाली मी गिरवायला आणलेला खाकी कागद. तुपाचा डाग पडला होता आणि त्या डागातून खालच्या कागदावरची रेष स्वच्छ दिसत होती. मला एकदम आठवलं, की ट्रेसिंग पेपर बाजारात यायच्या आधी लोक कागदाला तेल लावूनच तो पारदर्शक करायचे. आतेभाऊ शेंगतेलाची बाटली घेऊन आला. आत्याने ती त्याच्या हातातून काढून घेतली. ‘‘खादीवर तेलकट कागद? ठेव बाटली तिकडं.’’ डागाएवढा मुंढा मात्र मी गिरवून घेतला. डाग मोठा करायला अजून गोरसपाक खावा लागला असता. आतेभावाने तयारी दाखवली.

दुपारी मगन संग्रहालयात गेलो. मगनवाडीची ही जागा जमनालाल बजाजांनी ग्रामोद्योग संघाला दिली. संघ 1934 च्या डिसेंबरात स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे कर्तेधर्ते. लंडनमध्ये चार्टर्ड अकाउंटंट झालेला हा माणूस इथे बसून घाणी, चक्की, हातकागद, चुली यांचा हिशेब मांडत होता. 30 डिसेंबर 1938 ला गांधीजींनी या संग्रहालयाचं उद्घाटन केलं. इथल्या मंडळींनी तयार केलेला एक दिवाही होता, मगनदीप नावाचा. परदेशी रॉकेलवर नव्हे, गावात निघणाऱ्या वनस्पती-तेलावर जळणारा.

‘‘बघ,’’ आत्या म्हणाली, ‘‘दिव्याचं काम इथं आधीच होऊन गेलं आहे. नुसती काच ठेवायची राहिली.’’

मगनदीपावर काच ठेवून बुर्डाचं जाकीट उतरवणं, यात ग्रामोद्योगाचा विजय होता की पराभव, हे कुमारप्पांना विचारायला हवं होतं. शिवणाच्या यंत्राबद्दल मात्र गांधीजींचा निकाल 1924 सालीच लागलेला. यंत्रांवरच्या एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या मशीनला उघड सवलत दिली होती. बायकोची सुई-दोऱ्याची दगदग वाचावी म्हणून नवऱ्याने ते केलं, ही गोष्ट त्यांना भावली होती. आत्याने ही हकीकत नोकरीच्या सगळ्या वर्षांत प्रत्येक वर्गाला सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी पुढे जोडलं आहे, की त्या सिंगरच्या बायका एकाहून जास्त होत्या, हे बापूंना कुणी सांगितलं नसावं.

खादी घेतली. निळी, नैसर्गिक रंगाची, हाताला जराशी खरखरीत. पन्हा छत्तीस इंची. बुर्डाबाई 140 सेंटिमीटर पन्हा धरून चालतात. आत्या मनातल्या मनात गुणाकार करून म्हणाली, ‘‘अजून घे.’’ घेतली. ‘‘अजून थोडी.’’ तीही घेतली. एवढ्या कापडात सेवाग्रामच्या मेडिकलच्या पोरांचा एक सदरा निघाला असता. तिथे विद्यार्थ्यांना खादी घालावी लागते.

आता हिंगणघाट. आत्याची एक विद्यार्थिनी तिथे लग्न होऊन गेलेली, तिच्याकडे काचेचं जेवणाचं टेबल आहे, असा पक्का सुगावा लागला होता. सकाळची लालपरी पकडली. वर्ध्याहून हिंगणघाटला जाताना सकाळी ऊन डावीकडून येतं. मी डावीकडची खिडकी धरली आणि पाहते तर काय, समोर काच आणि काचेमागे अख्खा सूर्य! यापेक्षा मोठा दिवा कुठे मिळणार होता? कागद काचेला टेकवला, त्यावर खाकी कागद, आत्याने दोन कोपरे धरले, मी पेन्सिल काढली.

‘‘ताई, एसटीले पोस्टर लावून रायल्या का?’’ कंडक्टरने विचारलं.

‘‘बाही काढून रायली ती,’’ आत्या म्हणाली. ‘‘तुम्ही तिकीट द्या. दोन, हिंगणघाट.’’

मागच्या बाकावरची एक आजी पुढे सरकून बघू लागली. तिच्या मते ती बाही नव्हतीच. वायगाव फाट्याला बस आपटली आणि खांद्याला एक चुन्नट पडली. (हे निपाणीचं वायगाव. 2016 मध्ये हळदीला जीआय मिळालेलं वायगाव वेगळं, हळद्याचं, समुद्रपूर तालुक्यातलं. या जिल्ह्यात स्टेशनं दोन आणि वायगावंही दोन, म्हणून पाहुण्याने सारखं विचारत राहावं.) पुढे प्रत्येक गतिरोधकावर रेष आपल्या मताने वळत गेली. हिंगणघाट येईपर्यंत बाहीला खिसा फुटला होता. मी रस्त्याला दोष दिला. आजी उतरताना म्हणाली, ‘‘मी सांगत होती ना.’’

हिंगणघाटचं नाव एकोणिसाव्या शतकात इथल्या कापसामुळे पार मँचेस्टरपर्यंत पोचलेलं. त्या गावात त्या सकाळी काचेचं टेबल मात्र नव्हतं. नातवाने त्यावर उडी मारली होती. विद्यार्थिनीने चहा दिला, पोहे तर्री घालून दिले आणि म्हणाली, ‘‘बाई, आमच्या जावेचं मॅचिंग सेंटर आहे ना. तिथं चला.’’

मॅचिंग सेंटरच्या दारात मी थबकले. समोर लांबच लांब काचेचं काउंटर. त्याच्या पोटात फॉल, लेस, हुक, बटणं, गोंडे. आणि सगळं झगमगावं म्हणून आत लांब ट्यूबलाइट! महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी प्रत्येक मॅचिंग सेंटरमध्ये ही पेटी उभी असते आणि आम्ही भंगारात फासळ्या मोजत होतो.

दुकानदारीणबाईंनी काउंटर पुसून दिलं. कागद पसरला, त्यावर खाकी कागद. रेषा उमटल्या. उमटल्या म्हणजे किती उमटल्या! आधी पलंगावर जेवढ्या होत्या त्याच्या दुप्पट. आत्याने वाकून पाहिलं, कागद उलटा केला, परत सुलटा केला.

‘‘अगं, हा मागूनपण छापला आहे.’’

काटकसरी जर्मनांनी दोन्ही बाजूंना बेतणी छापली होती. खालून दिवा लावला की पुढची आणि पाठची, दोन्हींची रेष एकदमच वर येते. बसमध्ये खिसा फुटलेली ती बाही पाठच्या बाजूच्या लहान मुलाच्या डंगरीची होती. आजीला मानलं.

दुकानात एव्हाना गर्दी झाली होती. प्रत्येकीला आपली रेष सापडत होती. एकीने कमर शोधली, दुसरीने ती तिच्या हातून घेतली. एक बाई आल्यापासून काउंटरच्या टोकाशी उभी होती आणि अधूनमधून ‘‘ताई, ते हुक...’’ म्हणत होती. हुक नेमके आमच्या कागदाखाली होते.

आणि लाइट गेली.

‘‘झालं!’’ मी म्हटलं. पंखा थांबला, गर्दी फुटून दाराकडे सरकली. आत्या मात्र कागदावरून हलली नाही. दारातून येणाऱ्या उजेडात वरचा खाकी कागद तिने बाजूला केला होता आणि बुर्डाच्या कागदावर आता पुढच्याच बाजूच्या रेषा होत्या. पाठच्या सगळ्या गुडुप.

‘‘बटर पेपर आहे का?’’ तिने विचारलं. ‘‘भरतकामाची नक्षी उतरवायचा?’’

होता. काउंटरच्या मागे, गुंडाळी करून, खूप आधीपासून. तो अंगचाच अर्धपारदर्शक, त्याला खालून दिवा लागतच नाही. आत्याने तो पसरला, चारी कोपऱ्यांवर बटणांचे डबे ठेवले आणि पुढची बाजू, पाठ, बाही, कॉलर अशी एका दमात उतरवून काढली. माया सोडून. लाइट परत आली तेव्हा ती कॉलरच्या टोकाशी होती आणि ‘‘बंद करा गं तो दिवा!’’ म्हणून ओरडली. दुकानदारीणबाईंनी बटण बंद केलं.

काउंटरच्या टोकाची बाई पुढे आली. ‘‘झालं का तुमचं? मंग मले दोन डझन हुक द्या बापा. काळे. आणि दिवा लावा आधी, मले दिसून नाही रायले.’’