रॅमचे दिवाणजी

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या चादरीच्या कारखान्यात शिरावं, मागांच्या खडखडाटातून वाट काढत काचेच्या केबिनपर्यंत पोचावं, की आत दिवाणजी असतोच. या दिवाणजींत हल्ली एक पोटजात निघाली आहे. ती ब्राउझर तपासते. आमच्याकडच्या नमुन्याला सगळे अण्णा म्हणतात. पन्नाशी उलटलेली, खिशात दोन पेनं, आणि समोर मालकानं ‘चालतोय तवर चालवा’ म्हणून ठेवलेला विंडोज सेव्हनचा संगणक. रॅम ४ जीबी. अण्णा या ४ जीबीचा जसा हिशेब ठेवतात, तसा मालकानं सुताच्या कोमाचाही ठेवला नसेल.

कुणी आत आलं की ‘बसा’च्या आधी प्रश्न येतो, “तुमच्याकडं कंचं ओ?” नवख्याला वाटतं, गाडी विचारतायत. ‘क्रोम’ म्हटलं की अण्णा चुकचुकतात. “लई खातंय ओ ते!” लगेच टास्क मॅनेजर उघडतो. टॅब चार आणि त्याच नावाच्या ओळी डझनभर. क्रोम २००८ साली आलं तेच टॅबागणिक वेगळी प्रोसेस घेऊन. एक टॅब आडवा झाला तरी बाकीचे चालत राहावेत म्हणून. त्या सोयीचं बिल मेमरीवर फाटतं. अण्णांना हे सगळं पाठ आहे, पण माफी नाही. रिकामी रॅम बँकेत ठेवून व्याज मिळत नाही, हेही त्यांना कुणीतरी सांगून पाहिलं. त्या माणसाला चहा मिळाला नाही.

२०२३ च्या जानेवारीत आलेली १०९ ही विंडोज सेव्हनवर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती. त्या दिवसांत अण्णांचा चेहरा बघण्यासारखा होता. फायरफॉक्सनं मात्र आपली ११५ ही लांब मुदतीची आवृत्ती सेव्हनवाल्यांसाठी चालू ठेवली, आणि अण्णांनी केबिनमध्ये पेढे वाटले.

वेगाची परीक्षा ते मोबाईलच्या स्टॉपवॉचवर घेतात. परीक्षा कडक, परीक्षक मात्र तितकासा नाही. नावडत्या ब्राउझरला सकाळी संगणक डोळे चोळत असतानाच पळवायचं, लाडक्याला चहानंतर. शिवाय लाडक्यानं तेच पान आदल्या दिवशी उघडून साठवलेलं असतं. निकाल वहीत लाल शाईनं.

मालकाचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंग करतो. तो एकदा म्हणाला, “अण्णा, ऑपेरा २०१३ पासून, एज २०२० पासून, ब्रेव्हसुद्धा, सगळ्यांच्या पोटात क्रोमियमच आहे. तुम्ही कुणाची कुणाशी शर्यत लावताय?” एकाच मागावर विणलेली चादर काठ बदलून तीन लेबलांनी विकलेली अण्णांनी उभी हयात पाहिलेली. हे त्यांना सगळ्यांत आधी कळायला हवं होतं. ते शांतपणे म्हणाले, “लेबल वेगळं तर भाव वेगळा.” पोरगं गप्प. फायरफॉक्सचं इंजिन खरोखरच वेगळं आहे, हा मुद्दा अण्णांच्या बाजूचा होता, पण तो त्यांना रात्री जेवताना सुचला.

खरी मजा २० तारखेला. जीएसटीचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. अण्णा तीन ब्राउझर एकदम उघडून बसतात. मेमरी काठोकाठ, पंखा मागाशी स्पर्धा करतोय आणि तिन्हीकडं एकच चक्र गरगरतंय. पलीकडचा सर्व्हरच दमलेला असताना अलीकडं कुणीही असला तरी तेच. दारातून मालक ओरडतात, “काय करलालाय अण्णा? भरलं का?”

“थांबा ओ मालक, आधी कोण उघडतंय बघू द्या!”

यंदा दिवाळीला मालकांनी १६ जीबीचा नवा संगणक आणला. पूजा झाली, नारळ फुटला. अण्णांनी टास्क मॅनेजर उघडला तर मेमरी निम्मीसुद्धा भरेना. दहा टॅब उघडले, वीस उघडले. काटकसर करायला काही उरलंच नाही. दोन दिवस माणूस उदास. मग कारखान्यातल्या लोकांचे मोबाईल तपासायला लागले.

कांड्या भरणाऱ्या मावशींचा फोन हातात आला. अँड्रॉइडवरचं क्रोम टॅबांचा आकडा चौकोनात दाखवतं. टॅब शंभरी गाठतात तेव्हा आकडा सोडून हसरा चेहरा दाखवतं. मावशींच्या चौकोनात तो चेहरा हसत होता.

“बंद करत नाही का ओ मावशी?”

“बंद करायचं पण असतंय व्हय?” मावशी म्हणाल्या, आणि फोन घेऊन कांड्यांकडं वळल्या.