जरा मागे जाऊ

न्यू जर्सीत मराठी माणसाला तोटा नाही, आणि मराठी माणसांच्या प्रत्येक घोळक्यात एक ‘जनरल’ असतोच. आमच्याकडच्या जनरलांनी उभं आयुष्य एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटरसमोर काढलं. बंदूक हातात धरली ती लहानपणी दिवाळीत, टिकल्यांची. पण १७७६ पासून अमेरिकेने कुणाशी, कशावरून भांडण काढलं आणि त्यात किती जमीन पदरात पाडून घेतली, हे त्यांना मुखोद्गत. पुण्यात राहिले असते तर पानिपतावर बोलले असते. इथे आले, म्हणून गेटिसबर्गवर बोलतात.

‘जरा मागे जाऊ’ हे त्यांचं पालुपद. तुम्ही सहज म्हणावं, “काका, मुलाला टेक्सासला नोकरी लागली. कसं आहे हो तिकडे?” तुम्हाला उन्हाळ्याबद्दल ऐकायचं असतं. जनरल चष्मा कपाळावर चढवतात. “टेक्सास ना? जरा मागे जाऊ.” मग १८३६ साली टेक्सास मेक्सिकोतून फुटतं, १८४५ साली अमेरिकेत येतं, सरहद्द न्यूएसेस नदीवर की रिओ ग्रांदेवर यावरून १८४६ साली जुंपते, आणि १८४८ च्या तहात मेक्सिको जवळजवळ निम्मा मुलूख दीड कोटी डॉलरला देऊन मोकळा होतो. तोवर चहावर साय धरलेली असते. मुलाला तिकडे घरभाडं किती पडेल, हे विचारायचं राहूनच जातं.

हे सगळं सुरू झालं नागरिकत्वाच्या परीक्षेपासून. तेव्हा शंभर प्रश्नांची यादी असे. त्यातले दहा विचारत, सहा बरोबर आले की पास. आम्ही सगळ्यांनी ती ट्रेनमध्ये बसल्याबसल्या घोकली. जनरलांनी लायब्ररीतून पुस्तकांची चळत आणली. “एकोणिसाव्या शतकातल्या एका युद्धाचं नाव सांगा,” असं परीक्षा घेणाऱ्या बाईंनी विचारल्यावर यांनी चार सांगितली: १८१२ चं, मेक्सिकोचं, यादवी आणि स्पेनचं. वर विचारलं, “मूळ रहिवाशांशी इतकी वर्षं लढाया केल्या, त्या तुमच्या उत्तरात का नाहीत?” बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, एक पुरे.” हा किस्सा जनरलांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, प्रत्येक पार्टीत सांगतात. ‘एक पुरे’ हे काही जनरलांना अजून पटलेलं नाही.

भारतातून कुणाचे आईबाबा आले की जनरलांच्या मोहिमेला जोर चढतो. “हर्शीला चॉकलेटचं सगळं बघायला नेतो,” असं गोड बोलून गाडीत बसवतात. पोरं चॉकलेट खाऊन तृप्त झाली की म्हणतात, “इथून तासाभरावर एक मस्त मोकळं मैदान आहे.” ते मैदान म्हणजे यादवीतलं गेटिसबर्ग. जुलै १८६३ मधले तीन दिवस. मेलेले, जखमी, पकडलेले, बेपत्ता मिळून दोन्हीकडची सुमारे ५१,००० माणसं. तिसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेचे साडेबारा हजार सैनिक मैलभर उघड्या रानातून तोफांच्या तोंडावर चालत गेले. जनरल ते नुसतं सांगत नाहीत, चालवून दाखवतात. गुडघे बदललेले आजोबा अर्ध्यात बसकण मारतात. तेव्हा जनरल समाधानाने म्हणतात, “बरोबर. त्यांचीही चाल इथेच मोडली.”

वहिनी अशा वेळी गाडीतून उतरत नाहीत. धपाट्यांचा डबा मांडीवर, दार उघडं, पाय बाहेर. सेनापतींची नावं त्या एका कानाने ऐकतात. पण एकदा जेनी वेडची गोष्ट निघाली. गावातली वीस वर्षांची मुलगी, बहिणीच्या घरात पावासाठी कणीक मळत होती. दारातून गोळी आली आणि ती जागीच गेली. त्या लढाईत थेट गोळीने मेलेली गावची माणसं किती, तर ही एकटी. वहिनींनी डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, “मग त्या कणकेचं काय झालं?” जनरल गप्प. तोफांच्या गोळ्यांचं वजन माहीत असलेला माणूस कणकेशी अडला. रात्री ते जागले, आणि सकाळी पोह्यांवर खोबरं भुरभुरणाऱ्या वहिनींना बातमी दिली: “तिच्या आईने दुसऱ्या दिवशी त्याच कणकेचे पाव भाजले म्हणतात.” वहिनी म्हणाल्या, “तेच विचारत होते.”

यावरून कुणी त्यांना युद्धखोर समजू नये. त्यांचं सगळ्यात लाडकं युद्ध आहे डुकराचं. १८५९ साली वायव्येच्या टोकाला, सान हुआन बेटावर, ब्रिटिश कंपनीचं डुक्कर एका अमेरिकन शेतकऱ्याच्या बटाट्यांत शिरलं. त्याने ते गोळी घालून मारलं. दोन्हीकडून सैन्य आलं, आरमार आलं, आणि माणूस एकही मेला नाही. बारा वर्षं दोन्ही फौजा बेटावर शेजारी राहिल्या, शेवटी १८७२ मध्ये जर्मन सम्राटाने निवाडा केला आणि बेट अमेरिकेला मिळालं. “युद्ध असावं तर असं,” जनरल म्हणतात, “फक्त डुकराच्या घरच्यांचं ऐकायला हवं होतं.”

त्यांना खरा राग आहे तो जमिनीच्या व्यवहाराचा. परवा एका तरुण जोडप्याची वास्तुशांत होती. गुरुजी पूर्णाहुतीला थांबलेले, आणि जनरल घरमालकाला कोपऱ्यात घेऊन: “टायटल सर्च केलास?” “हो काका, साठ वर्षांचा.” “फार थोडा. जरा मागे जा. इथल्या मूळच्या लेनापे लोकांपर्यंत पोचलास?” तो बिचारा घामाघूम. मग लुइझियाना आलंच: १८०३ साली फ्रान्सने विकलं, अमेरिकेने दीड कोटीला घेतलं, “आणि तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही, हे लक्षात ठेव.” तेवढ्यात कुणीतरी टोकलं, “काका, एवढा राग आहे तर इथे राहता कशाला?” जनरल तडक म्हणाले, “मतदार आहे मी. हिशेब मीच विचारणार ना? शेजाऱ्याने विचारला तर भांडण होईल.” आणि प्रसादाचा शिरा दुसऱ्यांदा घेतला.

मराठी मंडळाच्या गणपतीत मात्र ते भारताशी धागा जोडून सगळ्यांना गार करतात. यॉर्कटाउनला वॉशिंग्टनपुढे हरलेला कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर-जनरल होऊन आला, टिपूवरच्या स्वारीत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बाजूने होते, आणि शेवटी तो गाझीपूरला मेला. इकडे यादवीत अमेरिकेचा कापूस अडला म्हणून तिकडे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरबाजार पेटला, आणि १८६५ मध्ये लढाई थांबताच सगळं कोसळलं. आरतीला उशीर होतो, पण कुणी उठत नाही. माणूस पिडतो, तरी पुढच्या वर्षी त्यालाच बोलावतात.

जनरलांच्या पुस्तकांनी घरात जे केलं, ते विषयाला शोभणारंच. आधी तळघरातलं एक कपाट, वहिनींशी रीतसर तह करून. मग अख्खं तळघर. मग पाहुण्यांची खोली, ‘रिकामीच तर आहे’ या सबबीवर. तिथे वहिनींचं शिलाई मशीन नांदत होतं, त्याची रवानगी राखीव कोपऱ्यात झाली. गेल्या महिन्यात स्पेनच्या युद्धावरचं नवं खोकं आलं आणि जनरल स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“मसाल्यांच्या वरचा एकच खण. भाड्याने म्हण हवं तर.”

वहिनी पोळी उलटत म्हणाल्या, “क्यूबाचं ग्वांटानामोसुद्धा १९०३ साली भाड्यानेच घेतलं होतं ना? सोडलंय अजून?”

जनरलांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत घरातल्या कुणीतरी ऐकलं होतं. “बरोबर! आणि तेव्हा भाडं किती ठरलं होतं माहितीये? वर्षाला दोन हजार डॉलर. सोन्यात!”

“मग ठेवा ओट्यावर,” वहिनी म्हणाल्या, “आणि खोकं तळघरात.”