आम्ही लवकर निघालो होतो

निर्जन बेटावरची गोष्ट वाचायला घेतली की वाचक आधी स्वतःला त्या बेटावर उतरवून घेतो, आणि उतरतो तो थेट नायक म्हणून. हातात भाला, कमरेला सुरी, छाती नेहमीपेक्षा दीड इंच पुढे. एरवी शहाळं फोडायला आपल्याला शहाळेवाला लागतो, हे तो तेवढ्यापुरतं विसरतो. ‘मी असतो तर आधी संडासाची जागा ठरवली असती,’ असं म्हणणारा वाचक मला अजून भेटायचाय.

विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’मध्ये मात्र ती जागा ठरते, आणि रीतसर सभा भरवून ठरते. कादंबरी १९५४ची. अणुयुद्धाच्या धामधुमीत सुरक्षित ठिकाणी नेली जाणारी इंग्रज शाळकरी मुलं विमान कोसळून एका बेटावर अडकतात. बारा वर्षांचा राल्फ त्यांचा प्रमुख निवडला जातो. डोंगरावर धूर होत राहील असा जाळ पेटता ठेवायचा, करवंट्यांतून पाणी भरून ते पानांखाली झाकून ठेवायचं, आणि ‘तिकडे’ जायचं ते डोहापलीकडच्या खडकांवरच, म्हणजे भरतीचं पाणी सगळं धुऊन नेईल, असे ठराव होतात. टाळ्या पडतात. थोड्याच दिवसांत करवंट्या कोरड्या पडतात आणि मुलं मिळेल त्या आडोशाला बसू लागतात.

खोपटांची कथाही तीच. पहिलं सगळ्यांनी मिळून बांधलं, दुसरं चौघांनी, तिसरं राल्फ आणि सायमन या दोघांनीच. बाकीचे पोहायला. गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेला एकदा जरी हजेरी लावलेली असेल, तरी हे गणित समजावून सांगावं लागत नाही. पाण्याची टाकी धुवायचा ठराव एकमताने मंजूर होतो. धुवायच्या रविवारी सेक्रेटरी एकटाच शिडीवर असतो आणि खालून तिसऱ्या मजल्यावरचे काका त्याला सूचना देत असतात.

प्रमुखपदाचा दुसरा उमेदवार जॅक. गायकवृंदाचा म्होरक्या. मला प्रमुख करा, म्हणतो, कारण मला वरच्या पट्टीतला अमुक सूर लावता येतो. मराठी मतदाराला यात फारसं नवल वाटू नये, याहून दूरचे दाखले देऊन मतं मागायला आलेली माणसं आपण पाहिलेली आहेत. हरल्यावर जॅक शिकाऱ्यांची टोळी घेतो. जाळ राखायचं काम त्याच्याच माणसांवर आलेलं असतं, पण ज्या दिवशी दूरवरून जहाज जातं, नेमकी त्याच दिवशी टोळी डुकरामागे असते. जाळ विझतो, जहाज निघून जातं, आणि हे लोक पहिलं डुक्कर खांद्यावर घेऊन नाचत येतात. राल्फ जाब विचारतो तेव्हा जॅक माफी मागतो, आणि ती अशा काही ऐटीत मागतो की टोळीला त्याचा अभिमानच वाटतो! जाळ विझवणाऱ्याची वाहवा होते आणि त्यावर तितकंच दिलदार उत्तर न देणारा राल्फ कद्रू ठरतो.

या कादंबरीला हिंसेची गोष्ट म्हणतात. हिंसा आहेच, आणि ती वाचताना अंगावर येते. पण मला ती आधी कामचुकारांची गोष्ट वाटते. भाल्याला टोक काढण्याच्या बऱ्याच आधी कुणीतरी आपली पाळी चुकवलेली असते. त्या पाळीच्या मोकळ्या जागेतूनच पुढचं सगळं आत शिरतं.

हे इतकं बारकाईने एखाद्या मास्तरालाच दिसू शकतं. गोल्डिंग सॉल्झबरीच्या शाळेत शिकवत होते, आणि त्याआधी दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं तेव्हा रॉकेटं डागणारी एक नौका त्यांच्या हाताखाली होती. युद्ध पाहिलेला माणूस रोज सकाळी मुलांच्या वर्गात उभा राहिला, आणि त्याला दोन्हीकडे एकच गोष्ट दिसली असावी. पुस्तक मराठीत आणलं तेही धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या जी. ए. कुलकर्णींनी. मास्तर वर्गाबाहेर गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत आत काय होतं, याची कल्पना दोघांनाही असणार.

कादंबरीत जाळ पेटवला जातो तो पिगीच्या चष्म्याने. पिगी जाडा, दम्याचा रोगी, आणि त्याला लांबचं दिसत नाही. आता लांबचं न दिसणाऱ्याच्या चष्म्याची भिंगं अंतर्गोल असतात. त्यांनी ऊन पसरतं, एकवटत नाही. गवताची काडीसुद्धा पेटायची नाही. गोल्डिंग ऑक्सफर्डला दोन वर्षं विज्ञान शिकून मग साहित्याकडे वळले, ते बहुधा प्रकाशाच्या प्रकरणाआधीच. पण भौतिकशास्त्राला एवढी सूट मला मान्य आहे. कारण त्या बेटावर लांबचं पाहणारा कुणी असेल तर तो हा चष्मेवालाच. पहिल्याच दिवशी तो सगळ्यांची नावं विचारून घ्यायला निघतो. सगळे त्याला हसतात. त्याच दिवशी आगीचा वणवा होतो आणि चेहऱ्यावर जांभळी खूण असलेलं एक लहान पोर पुन्हा कुणाला दिसत नाही. हजेरीच नव्हती, तर गैरहजर कोण हे कळणार कसं?

मग ती वादळाची रात्र. मेजवानी, अंधार, गोल रिंगण, नाच. मुलं ज्याला घाबरतात ते डोंगरावरचं ‘जनावर’ म्हणजे पॅराशूटला लटकलेला एक मेलेला सैनिक आहे, हे सांगायला सायमन धडपडत येतो आणि त्या रिंगणात सापडतो. हातांनी, दातांनी त्याचा जीव घेतला जातो. रिंगणात राल्फ होता. पिगीही होता.

खरा प्रसंग दुसऱ्या दिवशीचा. राल्फ एकदाच स्पष्ट म्हणतो की हा खून होता. पिगी घाईघाईने समजावतो: अंधार होता, विजा होत्या, अपघात झाला. तेवढ्यात सॅम आणि एरिक हे जुळे येतात. दमलो होतो, पिगी लगेच म्हणतो, म्हणून आम्ही लवकर निघालो. आम्हीही लवकरच निघालो, जुळे म्हणतात. इतक्यात सॅमचा हात नकळत कपाळावरच्या ओरखड्याकडे जातो आणि झटकन खाली येतो. एरिक आपला फाटलेला ओठ चाचपत असतो. त्या रात्री सगळेच लवकर निघाले होते, तर मग सायमनला मारलं कोणी? दंगल झालेल्या कुठल्याही गावात दुसऱ्या दिवशी विचारून पाहा, सगळा गाव आदल्या संध्याकाळी लवकर निघालेला असतो.

यावर कुणी म्हणेल, माणूस मुळातच असा. तर टोंगाची सहा मुलं आठवावीत. १९६५मध्ये वसतिगृहाच्या शाळेला कंटाळून त्यांनी एका कोळ्याची होडी न विचारता नेली, वादळात सापडली आणि अटा या ओसाड बेटाला लागली. तिथे ती वर्षाहून अधिक काळ राहिली. ही मुलं काही संत नव्हती, नाहीतर होडी पळवलीच नसती. पण त्यांनी दोघादोघांच्या जोड्या करून स्वयंपाक, बाग आणि पहारा यांच्या पाळ्या लावल्या. भांडण झालं की दोघांनी दोन दिशांना जायचं आणि डोकं थंड झाल्यावर परत यायचं. एकाचा पाय मोडला, बाकीच्यांनी तो काटक्या लावून बांधला. विस्तव विझू दिला नाही. १९६६मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन दर्यावर्दीने त्यांना सोडवून घरी आणलं, तर दारात पोलीस! होडीवाल्याने फिर्याद ठेवलेली होती. एवढं सोसून आलेल्या पोरांनाही होडीचा हिशेब चुकला नाही. पैसे भरून त्यांना सोडवलं ते वॉर्नरनेच.

गोल्डिंगच्या बेटावरही शेवटी हिशेब मागायला एकजण येतो. पांढऱ्या गणवेशातला नौदल अधिकारी. विचारतो, इथला प्रमुख कोण? आता पाहा: अख्खं पुस्तकभर ज्याला प्रमुख व्हायचं होतं तो जॅक, कमरेला पिगीच्या चष्म्याचे अवशेष लटकवलेला, एक पाऊल पुढे येतो आणि तिथेच थांबतो. पळून पळून दमलेला, ज्याचं कुणी ऐकत नव्हतं तो राल्फ त्याआधीच म्हणून गेलेला असतो, मी. किती जण आहात, याचं उत्तर त्याच्याजवळ नाही, आणि तेही तो कबूल करतो.

अधिकारी नाराज होतो. इंग्रज मुलांकडून याहून बरी अपेक्षा होती, असं सुनावतो. स्वतः तो लढाऊ जहाजातून, याहून पुष्कळ मोठ्या शिकारीवरून आलेला असतो. तिकडचा प्रमुख कोण, हे त्याला कुणी विचारत नाही. विचारलं असतं, तर त्याने अदबीने वरिष्ठांचं नाव सांगितलं असतं. वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांचं. आणि सगळ्यात वरचे, चौकशी केल्यावर कळलं असतं, त्या दिवशी लवकर निघाले होते.