गिरणी बंद पडली की भाडं कुठे जातं?

लालबाग-परळची मुलं जर्मनीला निघाली आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात स्टुटगार्टपेक्षा केम्निट्झचं नाव जास्त ऐकू येऊ लागलंय. कारण उघड आहे. स्टुटगार्ट १९६८पासून मुंबईचं भगिनी शहर. मर्सिडीज आणि बॉश तिथलेच. पण तिथली खोली परवडत नाही, शिवाय त्या राज्यात युरोपबाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला दर सत्राला १,५०० युरो फी. पूर्वेकडच्या सॅक्सनीतलं केम्निट्झ मात्र जर्मनीतल्या सर्वांत स्वस्त भाड्याच्या मोठ्या शहरांत मोडतं. तांत्रिक विद्यापीठ आहे, यंत्रांचे कारखाने आहेत, आणि भाडं स्टुटगार्टच्या निम्म्याहून कमी. एजंट एवढंच सांगतो आणि फॉर्म पुढे सरकवतो.

जाणाऱ्यानं जरूर जावं. पण गिरणगावातल्या घरानं तरी निघण्याआधी विचारायला हवं, की हे शहर इतकं स्वस्त झालं कशानं?

केम्निट्झला एकेकाळी सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणत. सूतगिरण्या, मोजे-बनियनचे कारखाने, मागाची यंत्रं बनवणाऱ्या फाउंड्र्या. १९५३ ते १९९० हेच शहर पूर्व जर्मनीत कार्ल-मार्क्स-श्टाट या नावानं नांदत होतं. दोन जर्मनी एक झाल्या, सरकारी कारखाने विकले गेले नाहीतर बंद झाले, आणि कामगार पोटासाठी पश्चिमेकडे निघून गेले. तीन लाखांवरची वस्ती अडीच लाखांच्या आसपास आली. इतकी घरं ओस पडली की इमारतीच्या इमारती पाडाव्या लागल्या. आपल्या मुलाला जी खोली स्वस्तात मिळणार आहे, ती कुणाचा तरी संसार उठल्यामुळे रिकामी झालेली आहे.

हे आपल्याला ओळखीचं वाटायला हवं. पूर्वेचं मँचेस्टर म्हणून मिरवणाऱ्या मुंबईत पहिली सूतगिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यातले कित्येक कामावर परतलेच नाहीत. गिरण्या तिथे बंद पडल्या आणि इथेही. तिथे घरभाडं उतरलं. इथे परळची एक खोली गिरणी कामगाराच्या सात पिढ्यांना घेता येणार नाही, इतके भाव चढले. याला बाजार म्हणून हात झटकणं मला मान्य नाही. १९९१च्या नियमानं गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते: एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली, आणि गिरण्यांच्या आवारात मोकळी जमीन होती किती? २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल ग्राह्य धरला. जिथे भोंगे वाजत होते तिथे टॉवर उभे राहिले. शहर स्वस्त राहणार की महाग होणार, हे कागदावर ठरतं, आणि तो कागद लिहिताना कामगाराला कुणी बोलावत नाही.

एके काळी हेच गिरणगाव परक्या माणसाला परवडत होतं. रत्नागिरीहून, साताऱ्याहून, घाटावरून आलेला माणूस एकटा यायचा. बायको-पोरं गावी, इथे गावकीचा गाळा. एका खोलीत वीस-तीस जण, पाळ्यांप्रमाणे झोपायचे. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर अंग टाकायचा. पत्र्याची ट्रंक भिंतीला, कपडे दोरीवर. नवा आलेला पोरगा बदली कामगार म्हणून रोज गिरणीच्या गेटवर उभा राहायचा. काम मिळालं नाही तरी त्याला रात्री छप्पर असायचं, कारण गाळा गावाचा होता.

आणि जेवण. ते बाया करत होत्या. दहा बाय बाराच्या खोलीत पहाटे चारला स्टोव्ह पेटवून वीस-पंचवीस माणसांचं जेवण रांधायचं, पाळीच्या वेळेला डबे पोचवायचे, पैसे महिन्याच्या पगाराला. संप झाला की खानावळीचं बिल थकायचं, पण ताट थांबायचं नाही. दुकानदाराची उधारी त्या बाईच्या अंगावर चढायची. सावकाराचं व्याज भरून मोडलेल्या या बायकांना प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरणगाव स्वस्त होतं ते मालकाच्या किंवा सरकारच्या कृपेनं नव्हे. त्याची किंमत या बायकांच्या कंबरेनं आणि गावी एकट्या राहिलेल्या बायकांच्या आयुष्यानं भरली. संपाचा इतिहास सांगताना आपण पुढाऱ्यांची नावं घेतो आणि खानावळवालीला विसरतो, याचा मला राग आहे.

केम्निट्झला जाणाऱ्याला हे सगळं नव्यानं उभं करावं लागेल. आधी हिशेब बघा. विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात, म्हणजे दहा लाख रुपयांच्या वर. कोकणातली जमीन त्यातच जाते. जाहिरातीत दिसणाऱ्या भाड्यात हीटिंग बहुधा धरलेलं नसतं. अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मागता येते. कित्येक रिकाम्या घरांत स्वयंपाकघराचा ओटाही नसतो, तो भाडेकरूनं आणायचा. आणि कारखान्यात काम करायचं तर जर्मन लागतंच. विद्यापीठात इंग्रजीवर निभावतं, यंत्रशाळेत नाही.

आणखी एक गोष्ट एजंट सांगणार नाही. ऑगस्ट २०१८मध्ये याच केम्निट्झमध्ये परदेशी लोकांविरुद्ध जमाव रस्त्यावर उतरले होते, हल्ले झाले होते. तेच शहर २०२५ साली युरोपची सांस्कृतिक राजधानी ठरलं. दोन्ही खरं आहे. ज्या शहरानं आपली तरुण मुलं गमावली, तिथे नव्या माणसाकडे संशयानंही पाहिलं जातं आणि गरजेनंही. बाहेरून आलेल्या माणसाला दादर-परळनं काय काय ऐकवलंय ते आठवलं, तर तिथला संशय समजायला सोपा जाईल.

तिथे आपल्या मुलांच्या हातात एक हक्क मात्र असेल, जो त्यांच्या आजोबांना नव्हता. पाच किंवा अधिक कायम कामगार असलेल्या जर्मन कारखान्यात कामगारांना आपली समिती निवडता येते, आणि मतदानाला नागरिकत्वाची अट नाही. मुंबईत कायद्यानं एकाच युनियनला मान्यता दिली होती आणि कामगाराला ती नको असली तरी करार तीच करायची. १९८२चा संप त्याविरुद्धही होता. म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: कामावर रुजू झालात की पहिल्याच महिन्यात समितीची माणसं गाठा आणि युनियनचं सभासदत्व घ्या. गिरणी कधी बंद होते, ते आधी त्यांना कळतं.

महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली स्टुटगार्टच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार करून दहा हजार कुशल कामगार पाठवायचं जाहीर केलं. याच सरकारी यंत्रणेनं गिरणी कामगारांना मुंबईबाहेर शेलू-वांगणीत घरं देऊ केली. आजोबाला वांगणी आणि नातवाला जर्मनी, मधलं परळ दुसऱ्याच कुणाला. माणसं बाहेर पाठवण्याची घाई ज्यांना आहे, त्यांनी तिथे पहिल्या तीन महिन्यांच्या निवाऱ्याची, भाषेची आणि वकिलाची सोय करून दाखवावी.

ते होईपर्यंत आपल्या हातात मंडळं आहेत. कोकणातल्या गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांच्या मुंबई शाखा अजून चालू आहेत, लालबाग-परळच्या गणेशोत्सव मंडळांकडे पैसाही आहे आणि जागाही. त्यातल्या चार मंडळांनी एकत्र येऊन संध्याकाळचे जर्मनचे वर्ग सुरू करावेत, आणि केम्निट्झमध्ये वर्षाच्या करारानं एक मोठं घर भाड्यानं घ्यावं. तिथे नव्यानं उतरणाऱ्या मुलामुलींनी पहिले काही आठवडे राहावं, आळीपाळीनं स्वयंपाक करावा, मुलांनीसुद्धा. भाडं वाटून घेतलं तर जमण्यासारखं आहे. येत्या गणेशोत्सवाच्या जमाखर्चात त्यासाठी एक रकाना घालायला कुठल्याच मंडळाला अडचण नसावी.