पाच आकडे

हैदराबादच्या बेगम बाजारात गप्प बसणारा माणूस आजारी समजतात. दुसऱ्या निजामाच्या हुमदा बेगमनं व्यापाऱ्यांना ही जागा दिली, तेव्हापासून इथली बडबड थांबलेली नाही. शेठ हिशेब मारवाडीत करतो, घासाघीस दखनीत आणि हमालाला हाका तेलुगूत. अशा ठिकाणी आमची नात दोन वर्षांची होऊनही चारच शब्द बोलत होती, म्हणजे घराण्याची अब्रूच गेली.

सल्ले फुकट आले. ‘एकच भाषा बोला, पोरगी गोंधळलीय,’ हा हिचा. ‘तिचा बापही उशिराच बोलला,’ हा माझ्या बहिणीचा. सूनबाईच्या मते तो अजूनही बोलत नाही. खालच्या तेलुगू काकूंनी जिभेला लावायला वेखंड आणून दिलं. डॉक्टरांनी ते पोटात द्यायची साफ मनाई केली. सध्या ते कपाटात कसर आवरतंय.

सूनबाईनं आधी पोरीचे कान तपासून घेतले. कान ठणठणीत. मग स्पीच थेरपिस्ट बाईंनी आम्हा सगळ्यांनाच समोर बसवलं. तीन भाषांमुळे मूल मागं पडत नाही. मराठी ‘भू’, तेलुगू ‘पालु’, दखनी ‘नक्को’, सगळं एकाच खात्यात जमा धरा, म्हणाल्या. तसं धरल्यावर चाराचे वीसेक झाले. या वयाला साधारण पन्नास शब्द आणि दोन-दोन शब्दांची जोडी हवी, तेव्हा उधारी होतीच. मोबाइल बंद करा, अंघोळ घालताना, भाजी निवडताना बोलत राहा. आणि काही विचारलंत की मनात पाच आकडे मोजून थांबा.

बाकी सगळं जमलं, पाच आकडे जमेनात. ही विचारायची, “हे काय गं? पातेलं! कशाचं? पितळेचं! कोणी आणलं? आजोबांनी!” पोरगी तोंड उघडेपर्यंत परीक्षा होऊन निकालही लागलेला. मुलगा थांबायचा, पण आकडे मोठ्यानं मोजायचा.

शेवटी मी तिला घेऊन भांड्यांच्या दुकानात गेलो. “क्या होना मुन्नी? डब्बा होना? ये देखो...” दुकानदारानं सुरुवात केली. मी ओठांवर बोट ठेवलं. बेगम बाजारात पाच आकड्यांची शांतता! शेजारचा शेठ घाबरून “तबियत ठीक है ना?” विचारत आला. तेवढ्यात नातीनं स्टीलच्या डब्याचं झाकण उचलून दाणकन आपटलं.

“झाकन!”

“हो, मोठं झाकण,” बाईंनी शिकवल्याप्रमाणे मी एक शब्द वाढवून दिला.

“मोत्तं झाकन!”

“बच्ची पसंद करी,” म्हणत दुकानदारानं सबंध डबा बांधला. नुसतं झाकण विकत नाहीत म्हणे.

घरी आल्यावर हिनं डबा फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, “कितीला पडला?”

आणि चक्क उत्तराची वाट पाहत थांबली.