जरा को-ऑपरेट करा!

मराठीत क्रियापदांची टंचाई होती म्हणून हे क्रियापद घेतले, असे कोणी समजू नये. सरका, थांबा, सोसा, गप्प बसा, पैसे भरा ही आपलीच लेकरे. पण ती उच्चारली की समोरचा बाह्या सरसावतो. म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्याने पाचांचे काम एकट्या 'को-ऑपरेट'वर सोपवले. तेव्हापासून इकडे कोणी कोणाला त्रास देत नाही, फक्त को-ऑपरेट करायला सांगतो.

त्याचे व्याकरण सोपे आहे. वर्तमानकाळात ते आज्ञार्थी आणि द्वितीयपुरुषीच चालते : 'तुम्ही को-ऑपरेट करा.' भूतकाळी रूप नेहमी नकारार्थी : 'तुम्ही को-ऑपरेट केलं नाहीत.' प्रथमपुरुषी रूप फक्त चौकशीला बोलावलेल्या माणसाच्या तोंडी आढळते.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात ते नाण्यासारखे फिरते. गिऱ्हाईक म्हणते, 'शेठ, दोन हजार कमी करा, को-ऑपरेट करा.' शेठ कमी करतो आणि म्हणतो, 'सोफा आठ दिवसांनी मिळेल, आता तुम्ही पण को-ऑपरेट करा.' सोफा पंधराव्या दिवशी येतो आणि हिशेब मिटतो. फाळणीनंतर 'कल्याण कॅम्प'च्या लष्करी बराकींत सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी कुटुंबांनी हे शहर उभे केले, 1949मध्ये त्याला नाव मिळाले, आणि पुढे 'मेड इन यूएसए'चा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लागू लागला. ज्यांनी अमेरिका पचवली, त्यांना एका क्रियापदाचे काय!

अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले, शिलालेखाप्रमाणे शके 982चे, म्हणजे इसवी सन 1060चे. या पट्ट्यातल्या तीस-चाळीस वर्षांच्या इमारती मात्र स्लॅब सोडू लागतात. मग पुनर्विकासाची सभा भरते. भाडे किती, घर केव्हा, असे कोणी विचारले की बिल्डरचा माणूस हात जोडतो, 'काका, को-ऑपरेट करा.' काका करतात. मंदिर बांधणाऱ्यांना हा शब्द ठाऊक नव्हता. त्यामुळे त्यांना बांधकाम नीट करावे लागले.

क्रियापदाची खरी तालीम लोकलमध्ये होते. मुंबई सीएसएमटीपासून अंबरनाथ 60 किलोमीटर, बदलापूर 68. अंबरनाथकर सकाळी उलटा बदलापूरकडे जातो आणि त्याच गाडीत बसून परत येतो. बदलापूरकर म्हणतो, 'आमच्या स्टेशनात आम्हालाच जागा नाही, को-ऑपरेट करा.' अंबरनाथकर म्हणतो, 'रोजचंच आहे, तुम्ही को-ऑपरेट करा.' तेवढ्यात तिघांच्या बाकावर चौथा टेकतो. त्याची एक मांडी बाकावर, दुसरी देवाच्या भरवशावर. तो काहीच बोलत नाही. खरे को-ऑपरेट करणारा तो एकटाच.

नियमाला एक अपवाद सांगितला पाहिजे. ऑगस्ट 2022मध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आल्या. आधी कळव्यात, मग बदलापुरात प्रवाशांनी को-ऑपरेट करायचे नाकारले, आणि मध्य रेल्वेने 25 ऑगस्टपासून 10 एसी फेऱ्या मागे घेतल्या. 1920मध्ये गांधीजींनी असहकार पुकारला तेव्हाही सरकार असेच गडबडले होते. अशा व्याकरणदोषांना वेळीच आळा घातलेला बरा.

त्यासाठी सोसायटीची पाटी आहेच. मराठीत ती लिहिते 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित'. सहकार मर्यादित आहे हे दारातच सांगून टाकते. इंग्रजी वळणाची पाटी जागा वाचवायला 'को-ऑप.' एवढेच लिहिते. 'ऑपरेट' पूर्ण होण्याआधीच टिंब. लिफ्ट त्याप्रमाणेच वागते.

इंग्रज लोक हल्ली हा शब्द बहुधा जोडून लिहितात. आपण ती मधली आडवी रेघ सोडू नये. 'को' म्हणजे सोबत, 'ऑपरेट' म्हणजे चालवणे. सोबत राहायचे आपण, चालवायचे दुसऱ्यांनी, आणि मध्ये रेघ. फलाटाच्या कडेलाही एक पिवळी रेघ असते. तिच्या मागे उभे राहावे, अशी विनंती रोज होते. आम्ही उभे आहोत. गाडी उशिराने धावते आहे.